अगरबत्तीतले अगर गेले कुठे?

वर्षावासाचे तीन महिने आमच्या आर्णी तालुक्यातील विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. दिवसभर निंदणाला गेलेल्या माता-भगिनी हातपाय धुऊन येतात, म्हातारी माणसे भिंतीला टेकून बसतात, लहान मुले पुढच्या रांगेत. गेल्या वर्षावासातील अशाच एका संध्याकाळची ही गोष्ट आहे.

त्रिशरण-पंचशील झाले, मेणबत्त्या लागल्या आणि अगरबत्तीचा नवा पुडा फोडला गेला. सातवीत शिकणारी एक मुलगी तो रिकामा पुडा हातात घेऊन त्यावरची बारीक अक्षरे वाचत बसली. थोड्या वेळाने तिने आजीला विचारले, "आजी, याच्यात बांबूची काडी हाय, कोळसा हाय, सेंट हाय. मंग अगर कुठी हाय वं?"

आजी हसली. "मले काय मालूम माय, सायबाले इचार," म्हणाली. ज्यांना विचारायचे ते साहेबही गप्प बसले. जन्मभर अगरबत्ती लावली, पण हे अगर म्हणजे काय, असा प्रश्न आम्हा मोठ्या माणसांपैकी कोणालाच कधी पडला नव्हता.

वाचन आटोपल्यावर गावातील एक दादा माझ्याजवळ आले. तीन एकर कोरडवाहू शेत, त्यात कापूस आणि तूर. त्यांनी खिशातून घडी घातलेला एक रंगीत कागद काढला. "भाऊ, जरा हे वाचून पाहा. हे झाड लावाव म्हन्तो." कागदावर मोठ्या अक्षरांत छापले होते : अगरवूड, जगातील सर्वात महाग लाकूड. एका एकरात चारशे झाडे. दहा वर्षांनी प्रत्येक झाडाचे एक लाख रुपये. कंपनी स्वतः खरेदी करणार. रोपांचे पैसे मात्र आधी भरायचे. दादांच्या घरात पैसे होते. बारावी झालेल्या मुलीला नर्सिंगला पाठवण्यासाठी दोन हंगाम पोटाला चिमटा घेऊन ते साठवले होते.

मुलीचा प्रश्न आणि दादांचा कागद, दोन्ही एकाच झाडाविषयी होते. म्हणून त्या झाडाची माहिती आपण आज नीट करून घेऊ.

जखमेतून येणारा सुगंध

अगराचे झाड आपल्याकडचे नाही. आसाम, अरुणाचल, मेघालय, नागालँड, मणिपूर, त्रिपुरा या ओल्या डोंगराळ मुलखातले ते झाड आहे. तिथून पुढे म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, मलेशिया, इंडोनेशियापर्यंत त्याच्या भाऊबंद जाती आढळतात. शास्त्रीय नाव अ‍ॅक्विलारिया. आसामात त्याला साची म्हणतात. संस्कृतात अगुरू, आपल्या मराठीत अगर किंवा अगरू, अरबीत ऊद, मलाय भाषेत गहारू. झाड उंच, सरळ आणि सदाहरित असते.

आता गंमत पाहा. निरोगी अगराच्या झाडाला सुगंध नसतो. त्याचे लाकूड पांढरट, हलके आणि बिनवासाचे असते. ते तोडले तर हाताला साधे लाकूडच लागेल.

सुगंध तयार होतो तो झाड जखमी झाल्यावर. खोडाला एक अळी पोखरते, फांदी वाऱ्याने मोडते किंवा साल फाटते. त्या जखमेतून बुरशी आत शिरते. झाड तिच्याशी झगडते. बुरशी पुढे जाऊ नये म्हणून त्या भागात ते एक दाट, गडद राळ भरू लागते. वर्षामागून वर्षे ही राळ लाकडात मुरत जाते. पांढरे लाकूड तपकिरी होते, मग काळे पडते, जड होते. उत्तम प्रतीचा तुकडा इतका जड होतो की पाण्यात टाकला तर बुडतो. चिनी आणि जपानी भाषांत या लाकडाचे नावच 'बुडणारा सुगंध' अशा अर्थाचे आहे.

हीच राळ म्हणजे अगर. ज्या झाडाला जखम नाही त्यात अगर नाही. जखम असूनही प्रत्येक झाडात ते सारखे भरत नाही. बाहेरून पाहून आत किती माल आहे हे अनुभवी माणसालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. जंगलातली झाडे लोकांनी याच लोभापायी तोडली. दहा तोडली तेव्हा एखाद्यात माल निघाला. परिणाम असा झाला की रानातले हे झाड संपत आले. आज अगराची ही मुख्य जात जगातील अत्यंत संकटग्रस्त वृक्षांत मोजली जाते. दुर्मिळ वनस्पती व प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराखाली ती १९९५ पासून आहे. २००४ साली या कुळातील सगळ्याच जाती त्या यादीत घेतल्या गेल्या.

तेल कसे काढतात

आसामात आज जे अगर निघते ते बहुतांशी लोकांच्या वाड्यांतून. गोलाघाट, जोरहाट, शिवसागर या भागांत सुपारी आणि चहाच्या जोडीला घराभोवती साचीची झाडे लावतात. तेल काढण्याचे मोठे केंद्र होजाई.

झाड काही वर्षांचे झाले की अळीची वाट पाहायची. तिकडच्या दमट हवेत आणि दाट वाड्यांत ही अळी आपोआप लागते. काही जण खोडात खिळे ठोकतात, भोके पाडतात. अलीकडे बुरशीचे इंजेक्शनही देतात. त्यानंतर काही वर्षे थांबावे लागते.

झाड तोडल्यावर खरे कष्टाचे काम सुरू होते. मजूर लहान छिन्नीने पांढरे लाकूड खरवडून काळा भाग वेगळा करतात. हे काम सोनाराच्या कामासारखे नाजूक असते. काळा, दाट तुकडा वेगळा काढून ठेवतात. तो तसाच जाळण्यासाठी सोन्यासारखा वजनावर विकला जातो. तेलासाठी जातो तो राहिलेला हलक्या प्रतीचा माल, म्हणजे तपकिरी तुकडे, ढलप्या आणि भुसा.

हा माल आधी पाण्याच्या टाकीत भिजत घालतात. एक-दोन दिवस नव्हे, कित्येक आठवडे. लाकूड फुगते, आंबते, मऊ होते आणि आत अडकलेले तेल सैल होते. नंतर ते पाण्यासह मोठ्या डेगीत भरतात. पूर्वी डेग तांब्याची असे, आता बहुतेक ठिकाणी स्टीलची असते. खाली जाळ लावतात. वाफ नळीतून थंड पाण्याच्या हौदात उतरते, तिथे तिचे पाणी होते आणि त्या पाण्यावर तेलाचा पातळ तवंग येतो. हा तवंग हलक्या हाताने काढून घेतात. एका घाणीला अनेक दिवस-रात्र सतत जाळ द्यावा लागतो. एवढे करून डेगभर लाकडातून हाती येते ते कुपीभर तेल. म्हणूनच अत्तराच्या बाजारात ते तोळ्यावर विकतात आणि उत्तम प्रतीच्या तेलाचा भाव किलोला लाखो रुपयांत जातो.

तेल दाट, गडद तपकिरी असते. वास गोड नसतो. पहिल्यांदा हुंगणाऱ्याला त्यात ओले लाकूड, चामडे, औषध असे काहीतरी जाणवते. नाक मुरडणारेही असतात. पण अंगावर लावले की तासागणिक वास बदलत जातो आणि कपड्यात दिवसेंदिवस टिकतो. बिनजखमेच्या पांढऱ्या लाकडातूनही एक हलके तेल काढतात. त्याला बोया म्हणतात आणि ते फार स्वस्त असते. महाग तेलात स्वस्त तेल मिसळणे या धंद्यात जुनेच आहे. घरच्या घरी करता येईल अशी कोणतीही खात्रीची परीक्षा नाही. खरे-खोटे प्रयोगशाळेतच कळते.

राजाची भेट, भिक्खूंचा धूप

या तेलाची कीर्ती फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोठारात ठेवायच्या मौल्यवान वस्तूंमध्ये अगरूचे प्रकार सांगितले आहेत. सातव्या शतकात कामरूप देशाचा, म्हणजे आजच्या आसामचा राजा भास्करवर्मा याने सम्राट हर्षवर्धनाला भेटी पाठवल्या. त्याचे वर्णन बाणभट्टाने हर्षचरितात केले आहे. त्या भेटींत काळ्या अगराचे तेल होते, बांबूच्या नळकांड्यांत भरलेले. आणि आणखी एक वस्तू होती : अगराच्या सालीच्या पानांवर लिहिलेले ग्रंथ. हीच ती साची. तिची साल भिजवून, घासून, चोपडी करून तिची पाने बनवत. आसामात अशा साचीपानांवरच्या पोथ्या शेकडो वर्षे लिहिल्या गेल्या.

ज्या भास्करवर्म्याने ही भेट पाठवली त्याच्याच बोलावण्यावरून चिनी भिक्खू ह्युएन त्संग इ.स. ६४३ च्या सुमारास कामरूपला गेला होता. तिथून तो हर्षवर्धनाने कनौजला भरवलेल्या धर्मसभेला आला. आपल्या इतिहासात अगराचे झाड असे बुद्धाच्या धम्माच्या वाटेवर उभे आहे.

जपानमध्ये तर धम्म आणि अगर जवळपास एकाच काळात पोचले. इ.स. ५९५ मध्ये आवाजी बेटाच्या किनाऱ्याला एक ओंडका वाहत आला, कोळ्यांनी जाळला तर सुगंध दरवळला, अशी नोंद त्यांच्या जुन्या इतिहासग्रंथात आहे. नारा शहरातील तोदाइ-जी या बौद्ध विहाराच्या भांडारात अगराचा एक प्रचंड ओंडका शतकानुशतके जपून ठेवला आहे. १५७४ साली सेनापती ओदा नोबुनागाने आणि १८७७ साली सम्राट मेइजीने त्याचा छोटासा तुकडा कापून घेतला. एवढा तुकडा घेणे हीसुद्धा सत्तेची खूण मानली जाई. आजही तिथे भिक्खू आणि उपासक विहारात अगराचा धूप लावतात.

सर्वात मोठे गिऱ्हाईक मात्र अरब देश. तिकडे पाहुण्याचे स्वागत ऊदेच्या धुराने होते, लग्नात कपडे त्याने धुपवतात, नमाजाला जाताना अंगावर तेल लावतात. आसामचा माल तिकडे जातो तो बराचसा मुंबईमार्गे. मुंबईत मोहम्मद अली रोड आणि भेंडी बाजारातील अत्तराच्या दुकानांत काचेच्या छोट्या कुप्यांतून हे तेल आजही दिसते. आपल्याकडे निखाऱ्यावर टाकतात तो ऊद मात्र वेगळा. तो बहुधा लोबानासारखा डिंक असतो. नाव एक असल्यामुळे घोटाळा होतो, एवढेच.

आपल्या पुड्यात काय असते

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. दहा-वीस रुपयांच्या पुड्यात लाखाच्या भावाचे अगर कोण घालील? पूर्वी कधीतरी या धुपात अगर असे म्हणून नाव पडले. वस्तू गेली, नाव उरले.

आजची साधी अगरबत्ती अशी बनते. बांबूची बारीक काडी. तिच्यावर कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि जिगट नावाच्या चिकट सालीची पूड यांचे ओले मिश्रण वळून लावतात. वाळल्यावर ती काळी, बिनवासाची काडी सुगंधी द्रवात बुडवतात. हा द्रव म्हणजे कारखान्यात तयार झालेला वास आणि तो पातळ करणारे रासायनिक तेल. पुड्यावर गुलाब, मोगरा, चंदन, ऊद काहीही लिहिलेले असो, फरक फक्त शेवटच्या बुडवणीत असतो.

यात फसवणूक आहे असे म्हणण्यापेक्षा माहिती असावी, असे मी म्हणेन. कारण या काडीवर हजारो कष्टकरी बायांची चूल पेटते. मैसूर-बंगळूरच्या बाजूला हा घरबसल्या चालणारा धंदा फार जुना आहे. दिवसभर पाटावर काड्या वळायच्या आणि हजारावर मजुरी घ्यायची. मधल्या काळात चीन आणि व्हिएतनामहून काड्या आणि कच्ची अगरबत्ती एवढी येऊ लागली की इथल्या बायांचे हात रिकामे झाले. २०१९ साली केंद्र सरकारने अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले आणि २०२० साली बांबूच्या काडीवरील आयातकर १० टक्क्यांवरून २५ टक्के केला. आपल्या विदर्भात गडचिरोलीच्या बांबूच्या मुलखात महिलांना अगरबत्ती बनवण्याचे काम देण्याचे प्रयत्न झाले आहेत. बचतगटाच्या भगिनींनी हे काम घेताना मजुरीचा दर आणि माल उचलण्याची हमी आधी लिहून घ्यावी. काडी बारीक असली तरी मेहनत बारीक नसते.

धूर आणि घरातले तान्हे मूल

हा मुद्दा घरातील माता-भगिनींसाठी मुद्दाम लिहितो आहे. अगरबत्ती नैसर्गिक असो की रासायनिक, जळाली की धूर होतोच. त्या धुरात फुप्फुसात खोल जाणारे बारीक कण असतात, कार्बन मोनॉक्साईड असतो आणि बेन्झीनसारखी घातक द्रव्येही असतात. एका खोलीचे घर, बंद खिडकी, चुलीचा धूर, वर डासांची कॉइल आणि त्यात चार अगरबत्त्या असे एकत्र झाले तर दमा असलेल्या म्हाताऱ्याला आणि तान्ह्या बाळाला त्रास होणारच.

बाळंतिणीला आणि बाळाला ऊद-ओव्याची धुरी देण्याची पद्धत आपल्या खेड्यांत अजून आहे. ऊब मिळावी म्हणून दार लावून खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. ही पद्धत धोक्याची आहे. बंद खोलीत निखारे ठेवले तर कार्बन मोनॉक्साईड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि माणूस झोपेतच दगावतो. बाळाला ऊब द्यायची तर कपड्यात गुंडाळून आईच्या छातीशी धरा, पण धूर देऊ नका. आजीने आपल्याला तसेच वाढवले असेल, पण आजीच्या काळात किती बाळे गेली याचा हिशोबही कोणी ठेवला नव्हता.

वंदनेसाठी एक अगरबत्ती पुरे. ती खिडकीजवळ किंवा विहाराच्या दाराशी लावावी. फूल कोमेजते तसे हे शरीर जाणारे आहे, याची आठवण म्हणून आपण फूल वाहतो. दिवा अंधार नाहीसा करतो म्हणून दिवा लावतो. तसाच धूप ही एक खूण आहे. धम्मपदातील पुप्फवग्गात भगवंतांनी तगर आणि चंदनाच्या वासापेक्षा शीलाचा सुगंध श्रेष्ठ सांगितला आहे. तेव्हा पुडा महाग की स्वस्त यावर वंदनेची किंमत ठरत नाही. कोणी बिन-अगरबत्तीची वंदना केली तरी ती वंदनाच आहे.

यवतमाळच्या मातीत अगर?

आता दादांचा कागद. चारशे झाडे गुणिले एक लाख, म्हणजे चार कोटी. गुणाकार बरोबर होता. चूक होती ती त्याच्या आधीच्या वाक्यात.

पहिली गोष्ट हवेची. साचीचे झाड ज्या मुलखात वाढते तिथे वर्षात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि हवा बाराही महिने दमट असते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात नऊशे ते हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मुख्यतः चार महिन्यांत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात. कोरडवाहू जमिनीत सदाहरित झाड आठ महिने जगवायचे तर पाणी कुठून आणणार?

दुसरी गोष्ट जखमेची. रोप जगले, झाड वाढले, तरी आत राळ तयार होईलच असे नाही. अळी आणि बुरशी आपोआप लागेल अशी हवा इथे नाही. इंजेक्शन द्यायचे तर त्याचा खर्च वेगळा आणि खात्री तिथेही नाही. म्हणजे दहा वर्षांनी हाती येईल ते कदाचित पांढरे, बिनवासाचे सरपण.

तिसरी गोष्ट विक्रीची. परदेशात माल पाठवायला सायटिस कराराची बंधने आहेत. भारतातून वर्षाला किती अगर बाहेर जाऊ शकते याचा कोटा सरकार ठरवते. २०२४ साली तो वाढवून तुकडे व भुकटीसाठी १,५१,०८० किलो आणि तेलासाठी ७,०५० किलो करण्यात आला. आसाम आणि त्रिपुरा सरकारांची अगरासाठी वेगळी धोरणे आहेत. तिथे पिढ्यान् पिढ्यांचे कारागीर आहेत, डेगी आहेत, व्यापारी आहेत. आपल्या गावातल्या माणसाने झाड तोडले तर काळा भाग खरवडणार कोण आणि तेल काढणार कोण?

महाराष्ट्राने असले कागद पूर्वीही पाहिले आहेत. १९९० च्या दशकात सागवानाच्या लागवडीच्या नावाने कंपन्यांनी लोकांकडून पैसे गोळा केले. त्यातल्या अनेक कंपन्या बुडाल्या आणि १९९९ साली सेबीला अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले. पुढे ईमू पक्षी आले. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबडीचे प्रकरण गाजले. प्रत्येक वेळी वस्तू खरी होती. साग खरा, कोंबडी खरी, तसे अगरही खरे आहे. पण पैसा मिळाला तो पिल्ले आणि रोपे विकणाऱ्याला. पाळणारा आणि लावणारा मागे राहिला.

म्हणून असा कागद हाती आला तर पाच गोष्टी विचाराव्यात :

१. आपल्या जिल्ह्यात याच झाडाचे उत्पन्न घेऊन पैसे मिळालेला शेतकरी दाखवा. लागवड दाखवू नका, विकल्याची पावती दाखवा.

२. खरेदीचा करार कोणाशी? त्या कंपनीची नोंदणी कधीची? दहा वर्षांनी ती नसेल तर कोणाला धरायचे?

३. रोप कोणत्या जातीचे आहे हे पावतीवर लिहून देणार का?

४. तेल किंवा राळ निघाली नाही तर नुकसान कोणाचे?

५. यवतमाळचे कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या पिकाची शिफारस आपल्या भागासाठी करते का?

पाचव्या प्रश्नाला पैसा लागत नाही, एसटीचे तिकीट तेवढे लागते.

आपल्या रानातले सुगंध

याचा अर्थ आपल्या मातीला सुगंध नाही असा मुळीच नाही. विदर्भातील सागाच्या रानात रोशा गवत उगवते. काही ठिकाणी त्याला तिखाडी म्हणतात. पान चुरगाळले की गुलाबासारखा वास येतो. गवत फुलोऱ्यावर आले की कापायचे, डेगीत पाण्यासह भरायचे, खाली जाळ लावायचा आणि वाफेतून तेल काढायचे. अगरासारखीच रीत, फक्त वर्षे नव्हे तर तासांचे काम. शंभर किलो ताज्या गवतातून साधारण अर्ध्या किलोच्या आसपास तेल निघते. जुन्या काळी खानदेश, नेमाड, वऱ्हाडच्या जंगलांत नाल्याकाठी डेगी लागत. तिथले तेल मुंबईहून तुर्कस्तानला जाई आणि तिकडे गुलाबाच्या महाग तेलात मिसळले जाई. ज्या रानातल्या लोकांनी ते गवत कापले त्यांना ते तेल कोणाच्या अंगावर गेले हे कधी कळले नाही.

सालई आपल्या खडकाळ टेकड्यांवर उभी असते. तिच्या सालीला घाव घातला की डिंक पाझरतो, तो धुपात वापरतात. वाळ्याच्या मुळ्यांच्या ताट्या आपण उन्हाळ्यात कूलरला लावतो. त्या मुळ्यांतूनही मौल्यवान तेल निघते. रोशा, वाळा, गवती चहा अशा पिकांसाठी लखनौच्या सिमॅप संस्थेचे मार्गदर्शन मिळते. केंद्राच्या अरोमा मिशनमधून त्यांची लागवड अनेक राज्यांत वाढली आहे. अकोल्याच्या विद्यापीठात नागार्जुनाच्या नावाने औषधी वनस्पतींचे उद्यानच आहे. पण इथेही तोच नियम आहे. जवळपास तेल काढण्याची भट्टी आहे का, घेणारा कोण, भाव पडला तर काय, हे आधी पाहावे आणि लहान तुकड्यावर करून पाहावे. अगराच्या जागी रोशाचे स्वप्न विकणाराही उद्या येऊ शकतो.

ऐकून सोडू नका, तपासून घ्या

केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी हेच सांगितले. परंपरेने चालत आले म्हणून, मोठ्या माणसाने सांगितले म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका, स्वतः पारखून घ्या. बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो याच पारखण्याच्या पायावर. विहारात हे ऐकायचे आणि बाजारात रंगीत कागदाला भुलायचे, असे आपले होता कामा नये. बाराव्या ओळीतली बारीक अक्षरे वाचणारी ती सातवीतली मुलगी त्या संध्याकाळी आम्हा सगळ्यांपेक्षा कालामांच्या जवळ होती.

दादांसोबत दुसऱ्या आठवड्यात मी यवतमाळला गेलो. शेतीच्या जाणकारांना कागद दाखवला, वरचे प्रश्न विचारले. परतीच्या एसटीत दादा बराच वेळ बोलले नाहीत. लोणबेहळच्या पुढे म्हणाले, "भाऊ, पोरीची फी पयले भरतो. झाड काय, कवाही लावता येते." कागदाची त्यांनी घडी केली आणि खिशात ठेवून दिली. फेकला मात्र नाही. स्वप्न सोडायला माणसाला वेळ लागतो, हे मलाही ठाऊक आहे.

मुलगी आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे.

आणि त्या सातवीतल्या मुलीला मी उत्तर दिले : बाई, अगर आसामात आहे, जखमी झाडाच्या पोटात आहे आणि आपल्या पुड्यात फक्त त्याचे नाव आहे. तिने लगेच दुसरा प्रश्न विचारला. "मंग त्या झाडाचा आपल्याले काय उपयोग?" तेव्हा तिला साचीपानांची गोष्ट सांगितली. राजाकडे गेलेले ते तेल हजार वर्षांपूर्वीच उडून गेले. त्याच झाडाच्या सालीवर माणसांनी जे लिहून ठेवले, त्यातले पुष्कळ आजही वाचता येते.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.